गोबर गॅसची टाकी आणि भरताची भट्टी

भरताची भट्टी करायची हे दसऱ्यालाच ठरलं होतं. आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं. बामणोद, भालोद हाकेच्या अंतरावर, म्हणजे भरताच्या वांग्यांचं माहेरच म्हणा. थंडी सुरू झाली की कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात भरीत असतंच. वांगी भाजायची ती जमिनीवर, कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करून. पाच-दहा माणसांचं असलं तर काही वाटत नाही, पण पन्नास-साठ पानं उठायची असली की वाकून भाजणाऱ्याची कंबर जाते. शिवाय वारा सुटला की राख वांग्यांवर आणि ठिणग्या शेजारच्या कडब्यावर. कंबरेइतक्या उंचीवर चांगली मोठी लोखंडी परात असावी, तीत काड्या जाळाव्यात आणि उभ्या उभ्या वांगी फिरवावीत, एवढीच माझी कल्पना. नवीन पत्रा आणून करायचं म्हटलं तर खर्चाचा आकडा ऐकून आप्पा म्हणाले, "मंग खळ्यातली टाकी कायले सडू देतो?"

खळ्यातली टाकी म्हणजे आमच्या बंद पडलेल्या गोबर गॅसची. खादी ग्रामोद्योग आयोगाच्या नमुन्याचा तो प्लँट. खाली विटांची गोल विहीर, तीत शेणाचा काला आणि वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारने बायोगॅसची राष्ट्रीय योजना काढली, त्यानंतर गावोगावी असे प्लँट झाले, त्यातलाच हा. आजीने त्यावर कित्येक वर्षं स्वयंपाक केला. पुढे सिलिंडर आला, गुरं कमी झाली, शेण मिळेना, आणि टाकी जिथे टेकली तिथेच राहिली. व्यास चार फुटांहून थोडा जास्त, उंची तीन-सव्वातीन फूट, पत्रा चांगला जाड. वरचं झाकण मधे किंचित उंच, म्हणजे उलटं केलं की आयती परात.

टाकीची खालची कड खाल्लेली होती. काला आणि हवा जिथे भेटतात त्या पट्ट्यात गंज सगळ्यात जास्त लागतो. तिथे पत्र्याच्या पापडासारख्या पापुद्र्या निघत होत्या. वरचा भाग मात्र ठणठणीत. त्यामुळे कुठे कापायचं ते गंजानेच ठरवून दिलं: झाकण आणि त्याखालची साधारण वीतभर भिंत घ्यायची, बाकीचं सोडून द्यायचं.

फैजपूरच्या मिस्त्रीला बोलावलं. माणूस जुना, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्यात हात बसलेला. त्याने टाकीला हात लावायच्या आधी विचारलं, "भाऊ, याच्यात काय होतं आणि आता काय आहे, ते मले सांगा आधी." मी म्हटलं, आता काय असणार, कित्येक वर्षांत शेण घातलेलं नाही. तो विहिरीच्या कडेला गेला, काल्यावरचा वाळलेला थर लांब बांबूने टोचला. बांबू थर फोडून खाली सहज गेला आणि बाहेर आला तो हातभर ओला, काळा. वास तोच, सडक्या अंड्याचा. वरून वाळवंट, खाली अजून जिवंत. पावसाचं पाणी दरवर्षी झिरपत होतं, त्यात आजूबाजूचा पालापाचोळा पडत होता. थोडाथोडा का होईना, गॅस तयार होतच असणार, आणि टाकीचा कॉक गंजून बंद अवस्थेत घट्ट बसलेला.

इथे थोडं गॅसबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गोबर गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६० टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याचा तो अंड्याचा वास. टाकीत निव्वळ गॅस भरलेला असेल तर तो आत पेटू शकत नाही, कारण आत हवाच नाही. तोंडाशी पेटेल, शेगडीवर पेटतो तसा. धोका असतो तो हवा मिसळल्यावर. हवेत मिथेन ५ टक्क्यांपासून १५ टक्क्यांपर्यंत असलं की एक ठिणगी पुरते, आणि मग तो पेटत नाही, फुटतो. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट रिकामी झालेली टाकी जास्त वाईट. आपल्याकडे "रिकामीच तर आहे" म्हणून वेल्डिंगला दिलेल्या बॅरलांचे जे अपघात होतात, त्यांचं मूळ यातच आहे.

पुतण्याचं म्हणणं होतं की एवढा उपद्व्याप कशाला, एखादी लाल टाकी आडवी कापली की झाली भट्टी. मोबाइलवर परदेशातली माणसं तसंच करतात. त्यांच्याकडचं त्यांना ठाऊक. आपल्याकडे घरगुती सिलिंडर आपल्या मालकीचा नसतोच. आपण अनामत भरतो, टाकी कंपनीची. ती कापणं म्हणजे दुसऱ्याची वस्तू कापणं, आणि वर एलपीजीचा तेलकट गाळ तळाशी राहतो तो तापला की पुन्हा वाफ धरतो. तो विषय तिथेच मिटला.

गॅस आहे का नाही ते बघायची गावाकडची रीत म्हणजे कॉकसमोर काडी धरायची. खळ्यात जमलेल्यांपैकी एकाने खिशातून माचीस काढलीसुद्धा. मिस्त्री खेकसला, "आठी काडी पेटवायची नाही! तठी रस्त्यावर जाऊन पेटव." त्याने मग साबणाचं पाणी मागवलं. कॉकच्या नळीला जोडलेला जुना रबरी पाइप कधीच तडकलेला होता, तो कापून टाकला. आता कॉक फिरवायचा. गंजलेला नट म्हणजे आमचे मिस्त्री लोक आधी टॉर्चने शेकतात, इथे ते शक्यच नव्हतं. पाण्याची धार कॉकवर चालू ठेवून, पाइप पान्याने हळूहळू, मागे-पुढे करत तो अर्धी फेरी फिरवला. लगेच नळीच्या तोंडावर साबणाचा फेस ठेवला. फेसाचा पडदा थरथरला, मग सावकाश फुगला, चांगला लिंबाएवढा झाला आणि फुटला. पुन्हा फेस, पुन्हा फुगा. गॅस होता.

या नमुन्याच्या टाकीत दाब फार नसतो, टाकीच्या वजनाने जो पडतो तेवढाच, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीचा. त्यामुळे फुर्र आवाज होऊन काही उडालं नाही. कॉक उघडा ठेवला, खळ्याचं फाटक बंद केलं, शेजारच्या गोठ्यातल्या चुलीला त्या दिवशी सुटी दिली, आणि टाकीला तसंच सोडलं.

पण कॉक उघडून गॅस निघून जातो, ही अर्धीच गोष्ट. चालू प्लँटमध्ये कॉक उघडला की टाकी आपल्या वजनाने काल्यात बुडते आणि गॅस सगळा बाहेर ढकलला जातो. आमच्या विहिरीतली पातळी खाली गेलेली, टाकी आतल्या कठड्यावर टेकलेली. ती बुडणार कशी? म्हणजे आता आत गॅसही आहे आणि कॉकमधून हवाही जाणार. नेमकी ती वाईट अवस्था.

यावरचा उपाय मिस्त्रीच्या डोक्यातून आला आणि मला तो अजूनही फार आवडतो. टाकी खाली जात नसेल तर पाणी वर आणायचं. पाण्याच्या विहिरीवरची मोटर चालू केली, केळीच्या ठिबकचा मोठा पाइप मधेच सोडवून त्याचं तोंड प्लँटच्या आवकेच्या कुंडीत सोडलं. पाणी आत, खालून वर. निकासाच्या कुंडीचं तोंड गोणपाट आणि चिखलाने लिंपून टाकलं, म्हणजे पाणी तिकडून निसटायला नको. पातळी चढायला लागली तसा टाकीच्या कॉकमधून वास जोरात यायला लागला. आम्ही सगळे वारा येत होता त्या बाजूला, म्हणजे सातपुड्याकडच्या अंगाला उभे. वाळलेला थर भिजून फुटत होता आणि मधेच मोठा बुडबुडा येऊन 'भस्स' व्हायचं. शेतीची लाइट मधे गेली. ती कधी येईल त्याचा भरवसा नाही, त्यामुळे तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोटर. शेवटी कॉकमधून गढूळ पाण्याची चूळ आली. टाकी आतून पाण्याने भरली होती, गॅसला जागाच उरली नव्हती.

मग टाकी वर काढायची. लोखंडी पाइपांची तिपाई, तिला चेन पुली. जेसीबी आणू म्हणणाऱ्यांची कमी नव्हती, पण चालू इंजिन आणि तापलेला सायलेन्सर त्या विहिरीजवळ नको, यावर मिस्त्री ठाम. कॉक उघडाच ठेवायचा, हेही त्यानेच बजावलं. कॉक बंद ठेवून पालथी टाकी उचलली तर आतलं पाणीही बरोबर उचललं जातं. पालथा तांब्या बादलीतून वर ओढून बघा, कळेल. मग दीडशे किलोची वस्तू टनावर जाते आणि तिपाईचे पाय दुमडतात. कॉक उघडा असला की वरून हवा आत येते आणि पाणी जागेवर राहतं. टाकी सुईसारखी सरळ वर आली.

ती बाजूला काढल्यावर विहीर उघडी पडली. काळं पाणी, वर तरंगणारा पाला. धाकट्या भावाच्या हातातला पाना घरंगळत जाऊन आतल्या कठड्यावर अडकला. हात-दीड हातावर दिसत होता. तो पाय सोडून उतरायच्या बेतात, तेवढ्यात आप्पांनी त्याच्या बंडीला मागून धरलं. "मांजर बी त्या खड्ड्यात उतरत नाही, तू कायले उतरतो?" पाना लोहचुंबक बांधलेल्या काठीने नंतर काढला. गोबर गॅसच्या आणि मैल्याच्या टाक्यांमध्ये माणसं जातात ती बहुतेकदा अशीच: एक उतरतो आणि पडतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. आत ऑक्सिजन कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. या वायूची खोड अशी की थोडा असला तर घाण वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असं समजणारा माणूस तिथेच फसतो. आम्ही विहिरीवर लागलीच जुने दरवाजे टाकले, वर दगड ठेवले.

टाकी खळ्याच्या मोकळ्या भागात आडवी ठेवली, तोंड वाऱ्याकडे. इथे आमच्यात वाद झाला. माझं म्हणणं, मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, तेव्हा तोंड वर करा, आपोआप उडून जाईल. मिस्त्रीकडे आलेला त्याचा साडू दीपनगरला औष्णिक वीज केंद्रात बॉयलर दुरुस्तीच्या ठेक्यावर कामं करतो. तो म्हणाला, मिथेन हलका खरा, पण तुमच्या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तो जड. दोन्हीचं मिश्रण हवेपेक्षा जेमतेम हलकं. ते आपसूक कुठे जात नाही, त्याला ढकलायला वारा लागतो. शिवाय सल्फाइड तळाशी. म्हणून आडवी. हिशेब करून बघितला, त्याचंच बरोबर होतं. सिलिंडरच्या गॅसला वेगळा न्याय: तो हवेच्या दीडपट ते दुप्पट जड, तिथे तोंड खाली करावं लागतं. ज्या गॅसचं काम, त्याची चाल आधी समजून घ्यायची.

आतून टाकी बघितली तेव्हा मिस्त्रीपेक्षा साडू जास्त गंभीर झाला. आतल्या पत्र्यावर काळा, मऊसर, काजळीसारखा थर. गॅसमधला गंधक लोखंडाशी मिळून हा थर होतो, आयर्न सल्फाइड. ओला असेपर्यंत गप्प असतो, वाळला आणि हवा लागली की स्वतःहून तापतो. तेलाच्या मोठ्या टाक्या साफ करताना याच थराने आगी लागल्याचं तो सांगत होता. आमच्याकडे पेट घेण्याएवढा जाड तो नव्हता, पण खात्री कोण देणार? त्याने थोडी खपली घमेल्यात काढून उन्हात ठेवायला लावली. ऑक्टोबरचं ऊन. सकाळी काळीकुट्ट असलेली खपली दुपारपर्यंत कडेने तांबूस झाली. घमेलं सावलीत ओढून, गार झाल्यावर मी बोट लावलं, तर पत्रा गार आणि खपली कोमट.

मग थर काढायचा तो ओलाच. पाण्याचा फवारा चालू, लाकडी फळीने खरवडायचं, निघालेला चिखल ओल्या पोत्यात भरून बांधापलीकडे खड्ड्यात. बाहेरून लांब दांड्याने जेवढं पोचेल तेवढंच, डोकं आत घालायचं नाही. टाकीच्या आत आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. टाकी फिरवली की त्या काल्यावरची साय फोडतात. त्या पट्ट्यांच्या मागे हा थर जास्त साठलेला होता, तिथे बराच वेळ गेला. हे काम भयंकर कंटाळवाणं आहे आणि वास अंगाला चिकटतो. आंघोळीनंतरही बायकोने मला ओट्यावरच ताट दिलं.

टाकीच्या मधोमध एक उभा पाइप असतो, त्यात विहिरीतला दांडा बसतो आणि टाकी त्यावर वर-खाली होते. हा पाइप दोन्हीकडून उघडा, त्याची भीती नाही. पण त्याला आधार देणारे जे आडवे पाइप होते, ते दोन्ही टोकांना वेल्ड करून बंद केलेले. अशा बंद नळीत कुठल्या तरी बारीक भोकातून पाणी किंवा गॅस शिरलेला असतो, आणि ती तापली की वाफेचा दाब तिला फोडतो. मिस्त्रीने प्रत्येक बंद नळीला हाताच्या ड्रिलने, पाणी सोडत, खालच्या बाजूला बारीक भोक पाडलं. एकीतून तांबूस पाण्याची पिचकारी आली.

पुढे तपासणी. साडूने स्वतःचा गॅस मीटर आणला होता, कंबरेला अडकवायचा, नळी लावून आतली हवा ओढून घेणारा. याच्या पडद्यावरचा आकडा बघून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. तो गॅसचे टक्के दाखवत नाही, पेट घेण्याच्या किमान मर्यादेचे टक्के दाखवतो. मिथेनसाठी २० आकडा आला तर हवेत मिथेन १ टक्का. आणि आधी बघायचा तो ऑक्सिजन. तो २०.९ च्या जवळ नसेल तर गॅसच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण या जातीच्या मीटरला गॅस ओळखायला आत ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसला तर भरल्या गॅसमध्येही तो कमी आकडा दाखवेल. वर, मधे, तळाशी, पट्ट्यांच्या मागे नळी फिरवली. ऑक्सिजन बरोबर, पण एका पट्टीच्या मागे गॅसचा आकडा किंचित हलला. साडूने मीटर बंद केला. "उद्या." आणखी धुवायचं, आणखी वारा. माझ्या तोंडावर नाराजी दिसली असावी, कारण मिस्त्री म्हणाला, "भाऊ, भरीत पौषात बी गोडच लागतं."

सगळीकडे शून्य आल्यावरच ग्राइंडर बाहेर निघाला. ऑक्सिजन-ॲसिटिलीनच्या कटरने हे काम घटकाभरात झालं असतं, पण मिस्त्रीने तो आणलाच नव्हता. टाकीला बाहेरून डांबरी रंगाचे थरावर थर होते, त्याखाली शेंदरी प्रायमर, जुन्या काळचा म्हणजे शिसं असण्याची शक्यता मोठी. ज्योतीने तो रंग जळतो आणि धूर नाकात जातो. कापायच्या रेघेवरचा दोन्ही बाजूंचा रंग आधी ओला करून खरवडला, मास्क लावून. नाकाला बांधलेला रुमाल याला चालत नाही, धुळीचा बरा मास्क लागतो.

रेघ मारायची पद्धत बघण्यासारखी होती. गोल टाकीवर सरळ रेघ कशी येणार? त्याने जुन्या पंख्याचा रुंद पट्टा टाकीभोवती गुंडाळला, टोकाला टोक जुळवलं आणि खडूने कड गिरवली.

पहिलं भोक ग्राइंडरने नाही. छिन्नी आणि घणाने, पाण्याची धार सोडून, आणि सगळ्यांना तोंडाच्या समोरून बाजूला करून. शून्य आकडा असला तरी पहिला घाव थंडाच, ही त्याची शिस्त. त्यानंतर चार इंची ग्राइंडर, पातळ कटिंग व्हील. व्हीलवर छापलेला फेऱ्यांचा आकडा मशीनच्या आकड्यापेक्षा जास्त आहे ना ते त्याने वाचलं. अशा मशीनला मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे असतात, हलकं व्हील त्यात फुटलं तर तुकडे गोळीसारखे येतात. गार्ड काढून काम करायची आपल्याकडे फॅशन आहे, त्याचं गार्ड जागेवर होतं. अंगात सुती शर्ट, डोळ्यांवर गॉगल, त्यावर काच. पाणी आणि वीज एकत्र नको म्हणून आता पाण्याची धार बंद, जमीन कोरडी केलेली, आणि मशीन घरच्या ईएलसीबीवरून, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवरून, जोडलेलं. शेतीच्या लाइनवर ते संरक्षण नसतं.

ठिणग्यांची दिशा टाकीच्या बाहेर आणि कडब्यापासून उलटी. तरीही भाऊ पाण्याची बादली आणि ओलं पोतं घेऊन बसला होता, आणि काम थांबल्यावरही चांगला अर्धा तास त्याला तिथून हलू दिलं नाही. कडब्यात गेलेली ठिणगी लगेच बोलत नाही.

गोल कापताना शेवटचा भाग त्रासाचा. बहुतेक भाग सुटला की वरचं वजन बसतं, चीर मिटते आणि व्हील आत चिमटलं जातं. मशीन हातातून उसळी मारतं. मिस्त्री कापत जाईल तशा मागे लाकडी पाचरी ठोकत होता, आणि शेवटची चार बोटं त्याने ग्राइंडर बाजूला ठेवून हॅक्सॉने कापली. टाकी 'ठण्' करून सुटली तेव्हा सूर्य कलायचा होता. कापायला एक दुपार गेली. त्याआधीचं सगळं दिवाळीपर्यंत पुरलं होतं.

परात उलटी केली. मधल्या पाइपाचं भोक बुजवायचं असं ठरलं होतं, पण आप्पा म्हणाले राहू द्या, खालून हवा लागेल. त्या भोकावर जाळी ठेवली. राखही तिथून खाली पडते. मधलाच पाइप कापून त्याचे पाय केले, वर अँगलची कड फिरवली. खाण्याच्या कामाला घ्यायची म्हणून मळ्याच्या टोकाला नेऊन आत-बाहेर काड्यांचा मोठा जाळ केला. आम्ही लांब, वारा येतो त्या अंगाला. रंग जळून पोपडे निघाले, तारेच्या ब्रशने घासलं, पुन्हा जाळ, डांबराचा वास संपेपर्यंत. तरीही मी पत्र्यावर सरळ वांगी ठेवू दिली नाहीत. तळाला गाळाच्या मातीचा थर, त्यावर विटा, विटांवर काड्या. शिशाचा संशय असलेल्या पत्र्याला वांग्याची सालही लागू नये, एवढंच माझं गणित. माती तशीही उष्णता धरून ठेवते, त्यामुळे जाळ विझल्यावर निखाऱ्यात वांगं आतपर्यंत मऊ होतं.

पहिलं भरीत डिसेंबरात. पांढरट हिरवी, मोठाली वांगी, एका वेळी सात-आठ किलो. जाळ वर यायला लागला तसं कळलं की कड फार उंच झाली, चिमट्याने वांगं फिरवताना मनगट पोळतं. मिस्त्रीने दोन ठिकाणी कड खाली कापून दिली, आता ती कापणी निर्धास्त. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडजीत ठेचली, वरून हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याची भाकर. जेवणारे चाळीसेक होते आणि भाजणारा उभ्याने गप्पा मारत होता.

खालचं उरलेलं कडं भंगारात वजनावर गेलं. विहिरीतला काला पंपाने काढून केळीला दिला, मग ट्रॉलीभर मुरूम आणि माती टाकून ती बुजवली. कालाही पंपाचा पाइप बाहेरूनच सोडून काढला, कुणी उतरलं नाही. भट्टीला आता चाकं लावायची आहेत, कारण गावातून मागणी येते आणि दर वेळी चार माणसांनी उचलायची म्हणजे जिकिरीचं. जुन्या थ्रेशरची दोन चाकं मिस्त्रीने बघून ठेवली आहेत.